चंद्रावरचा ससा पांढरा नव्हता

आमच्या राहूत 'ससा' या एका शब्दात दोन प्राणी राहतात. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे खटकतंच. नाव एक, वस्तू दोन.

पहिला इथलाच. भुरकट, मानेमागे काळा, माळावर आणि उसाच्या कडेनं दिसणारा. संस्कृतातला 'शश' तो हाच. चंद्र 'शशांक' झाला तो याच्यामुळे. जातककथांत, पंचतंत्रात बुद्धी चालवणाराही हाच.

दुसरा पिंजऱ्यातला. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडच्या रानात बिळं करून राहायचे. रोमन लोक त्यांना कुंपणात पाळत. आपल्या गोष्टींच्या पुस्तकांत मात्र चित्र याचंच, पांढरंशुभ्र.

फरक नुसता रंगाचा नाही. रानसशाची गुणसूत्रं 48, पाळीव सशाची 44. दोघांचा संकर होत नाही. पाळीव सशाची पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाची पिल्लं उघड्यावर जन्मतात, पण केसाळ आणि डोळे उघडे. आई त्यांना गवतात दडवून लांब जाते, पाजायला तेवढी येते.

ऊसतोडीच्या दिवसांत नेमकं हेच पिल्लू सापडतं. 'बिचारं, आई नाही' म्हणत कुणीतरी ते घरी आणतं, पिंजऱ्यात ठेवतं, गाईचं दूध पाजतं. बहुतेकदा ते जगत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानससा पकडणं, पाळणं गुन्हा आहे.

तेव्हा पिल्लू दिसलं तर हात लावू नका. तोड तिथवर आली असेल, तर जवळच्या बांधावरच्या गवतात सरकवा आणि निघा. संध्याकाळी आई येईल.