जुन्या फोटोंवरील डाग : थोडा इतिहास, थोडा अनुभव

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले आणि जुने फोटो गोळा करण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही घरोघरी फिरलो. कुणी पत्र्याच्या पेटीतून, तर कुणी भिंतीवरची फ्रेम उतरवून फोटो हाती दिले. धड असा एकही नव्हता. आपल्याकडचा चार महिन्यांचा पावसाळा, ओल धरलेल्या भिंती. आणि फोटोवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला. बुरशीला आणि कसरीला ती मेजवानीच! त्यात कुणी मागून पिठाची खळ लावून चिकटवलेला असेल तर विचारूच नका.

डाग काढण्याची ही विद्या जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची फोटो काढण्याची कृती जाहीर झाली. १८५४ साली तर मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. पुढच्याच वर्षी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात, म्युनिकच्या हानफ्श्टेंगल यांनी निगेटिव्हवर हात फिरवून सुधारलेले फोटो मांडले आणि लोक थक्क झाले, असे सांगतात. पुढे जगभरच्या स्टुडिओंत हे रोजचेच काम झाले. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापताना तेवढ्या जागी उजेड अडतो आणि कागदावर पांढरा ठिपका उमटतो. तो अगदी बारीक कुंचल्याने, पातळ रंग टिंबाटिंबाने लावून बुजवायचा. निगेटिव्हच्या थराला भोक पडलं असेल तर उलट, कागदावर काळा ठिपका. तो पात्याने अलगद खरवडायचा, नाहीतर रसायनाने फिका करायचा. हे रसायन, पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपो यांचं, १८८३ साली फार्मर यांनी दिलं आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. हात चुकला तर मात्र फोटो गेला. म्हणून ही माणसं एक ठिपका घालवायलाही वेळ घेत. चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर असे, हे महत्त्वाचे.

मग संगणक आला. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला. आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके, बस्स एवढाच. पण फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता, हे त्यातून ठरले. १९६४ साली रेंजर ७ या यानाने पाठवलेली चंद्राची चित्रे संगणकावर सुधारली गेली. आकडेच म्हटल्यावर डाग काढण्याची युक्ती सोपी : एका ठिपक्याचे आणि त्याच्या आठ शेजाऱ्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. धुळीचा ठिपका शेजाऱ्यांहून फार वेगळा असतो, तो आपोआप गळतो. (वेगळा दिसतो म्हणून गाळला, हे वाचून आमच्या वाचकांना काही आठवल्यास नवल नाही.) अडचण अशी, की पापणीचा केस आणि धुळीचा कण यांतला फरक त्या हिशेबाला कळत नाही.

१९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉप बाजारात आले. त्यातल्या रबरी शिक्क्याने शेजारचा चांगला तुकडा उचलून डागावर ठेवता येई. २००० साली बेर्ताल्मिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, संग्रहालयातले कारागीर फाटके चित्र कडेकडेने भरत आणतात तसे संगणकाने करण्याचे गणित मांडले. २००२ साली फोटोशॉपमध्ये 'हीलिंग ब्रश' आला : पोत एका जागेचा घ्यायचा आणि छटा डागाच्या आजूबाजूची. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम आले. बटण दाबा, डाग गायब.

आम्हीही दाबले. पायाभरणीच्या दिवसाचा सामूहिक फोटो होता. वस्तीतल्या एका मुलाने तो संगणकावर घेतला आणि पाच मिनिटांत लख्ख करून दिला. आम्ही हरखून गेलो. प्रत घेऊन त्या फोटोतल्या एका आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कोण बसवली माझ्या जागी? माझं गोंदण कुठाय?" कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदणाचे ठिपके प्रोग्रामने डाग समजून पुसले होते! मग आम्ही मूळ प्रत शेजारी ठेवून एकेक चेहरा तपासला. एका काकांच्या गालावरचे देवीचे व्रण गेले होते. देवीचा रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले, पण ज्यांनी तो सोसला त्यांची खूण आम्ही कोण पुसणार? एका कार्यकर्त्याच्या कोटावरचा पांढरा बिल्लाही नाहीसा झाला होता.

सर्वात वाईट पुढेच होते. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांचा चेहरा बुरशीने पुरता खाल्ला आहे. प्रोग्रामने त्या जागी नाक, डोळे, मिशी असलेला नीटस चेहरा बसवला. त्यांच्या कन्या आता साठीच्या पुढे आहेत. वडील गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या आणि घरात दुसरा फोटो नाही. मोठ्या आशेने त्या आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग आजींना त्यांनी हळूच विचारलं, "असेच होते का हो?" आजींनी मान हलवली, नाही म्हणून.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कंबोडियात असाच प्रकार गाजला. तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या लोकांचे फोटो कुणी रंगवले आणि काहींच्या ओठांवर हसू आणले. तिथल्या सरकारने आणि नातलगांनी हरकत घेतली, तेव्हा ते मागे घ्यावे लागले.

समितीत यावर वाद झाला. काही तरुणांचे म्हणणे, स्मरणिकेत भोक पडलेला फोटो बरा दिसत नाही. शेवटी ठरले ते असे : धूळ, ओरखडे, मेणबत्तीचे ओघळ हाताने, एकेक पाहून काढायचे, अंगावरच्या खुणांना हात लावायचा नाही, चेहरा नसेल तिथे तो बनवायचा नाही, आणि मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा जपायचा. काम पाच मिनिटांचे होते, त्याला तीन आठवडे लागले.

या अंकात तो फोटो बुरशीच्या डागासकट छापला आहे. आजी सांगतात, त्या दिवशी फोटोवाल्याने एकाच निगेटिव्हच्या पाच-सहा प्रती दिल्या होत्या. आमच्या हाती एकच आली. बाकीच्या कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर असतील, तर कितीही खराब असली तरी ती प्रत विहारात आणून दाखवावी. आमच्या प्रतीत जिथे बुरशी आहे, तिथे त्या प्रतीत ती असेलच असे नाही.