सुट्टीचं घर, धंद्याची पाटी

इंग्लंडात 2023पूर्वी किनाऱ्यावरचं दुसरं घर वर्षाला 140 दिवस भाड्यासाठी खुलं आहे, एवढं दाखवलं की ते घरपट्टीतून सुटून व्यवसाय-करात जाई. पाहुणा यायलाच हवा, असं नव्हतं! करमूल्य 12,000 पौंडांपर्यंत असेल, तर छोट्या धंद्याच्या सवलतीत तो करही बहुधा माफ.

मार्च 2020मध्ये कोविडचं 10,000 पौंडांचं अनुदान याच सवलतीला जोडलं गेलं आणि हौशी घरमालकही पात्र ठरले.

वेल्सने एप्रिलात आपल्या अनुदानाला पाचर मारली. घर खरोखर 140 दिवस भाड्याने गेलेलं हवं, मालकाची निम्मी कमाई त्यातूनच हवी. शेतीला जोडधंदा म्हणून खोपटं भाड्याने देणारा शेतकरीही त्यात अडकू शकत होता. एप्रिल 2023पासून तिथे व्यवसाय ठरायला 182 दिवसांचं प्रत्यक्ष भाडं लागतं, इंग्लंडात 70.