हडपसरच्या दक्षिणेची डोंगरवाट
दिवे घाट, मल्हारगड आणि भुलेश्वरच्या माळावरील पायवाटांचा परिचय

पावसाळा सुरू झाला की पुणेकरांची पावले सिंहगड, लोणावळा आणि ताम्हिणीकडे वळतात. रविवारी सकाळी या वाटांवर वाहनांची रांग लागते. शहराच्या पूर्व भागात, हडपसर आणि मगरपट्टा परिसरात राहणाऱ्यांना तर संपूर्ण शहर ओलांडूनच तेथे पोहोचावे लागते. वास्तविक हडपसरच्या उंच इमारतींच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले, की क्षितिजावर एक लांबच लांब सपाट माथ्याची डोंगररांग दिसते. ती गाठण्यास तासभरही लागत नाही. तिच्यावर घाटवाटा आहेत, किल्ले आहेत, पुरातन मंदिरे आहेत आणि महाराष्ट्रातून झपाट्याने आक्रसत चाललेली गवताळ माळरानेही आहेत.

ही भुलेश्वरची डोंगररांग. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटलेला हा फाटा सिंहगडावरून पूर्वेकडे निघतो आणि कात्रज, बोपदेव, दिवे व शिंदवणे हे घाट अंगावर वागवत यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत जातो. त्याच्या धारेवर उभे राहिल्यास दोन नद्यांची खोरी एकाच वेळी दिसतात. उत्तर उतारावर पडलेला पाऊस मुळा-मुठेतून भीमेला मिळतो. दक्षिण उतारावरचे पाणी कऱ्हेत आणि कऱ्हेतून नीरेत जाते. धारेवर विभागलेले हे पाणी पुन्हा एकत्र येते ते थेट इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर.

वडकी ते कानिफनाथ

हडपसरच्या गाडीतळापासून सासवड रस्ता सोलापूर रस्त्यापासून वेगळा होतो. आषाढी वारीत दोन पालख्यांचे मार्गही हडपसरलाच विभागतात. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, तर संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला विसावते. घाटाच्या वळणांवरून वर सरकणारी वारकऱ्यांची रांग पाहण्यासाठी त्या दिवशी हजारो लोक डोंगरउतारावर बसलेले असतात.

घाटाच्या पायथ्याला वडकी गाव आहे. गावाच्या हद्दीतील पेशवेकालीन तलावाला लोकपरंपरेने मस्तानीचे नाव दिले आहे. दगडी बांधकामाचा हा तलाव घाटातील वळणावरून फार देखणा दिसतो. मात्र त्याच्या काठाशी जाऊन चिरेबंदी भिंती आणि पायऱ्या पाहिल्याशिवाय त्याच्या बांधणीची कल्पना येत नाही.

वडकीहून निघणारी पायवाट डोंगराची सोंड धरून पठारावर चढते आणि धारेने पश्चिमेकडे कानिफनाथ गडावर पोहोचते. रमतगमत चालल्यास दोन तास पुरतात. नवनाथांपैकी एक असलेल्या कानिफनाथांच्या या मंदिराचे वैशिष्ट्य म्हणजे गाभाऱ्याचे अत्यंत लहान दार. त्यातून सरपटतच आत जावे लागते. बोपदेव घाटातून बोपगावमार्गे वाहनानेही येथे येता येते. पायी येणाऱ्याला मात्र उत्तरेला पसरलेले शहर आणि दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची जोडी हे दोन्ही देखावे वाटभर साथ देतात.

तोफखान्याच्या सरदारांचा किल्ला

दिवे घाट चढून गेल्यावर झेंडेवाडी लागते. येथून किंवा सासवडजवळच्या सोनोरी गावातून मल्हारगडावर जाता येते. महाराष्ट्रातील गिरिदुर्गांमध्ये सर्वांत शेवटी बांधला गेलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने १७५७ ते १७६० या काळात त्याची उभारणी केली. सोनोरी गावातच पानसे यांची गढी असल्यामुळे किल्ल्याला सोनोरीचा किल्ला असेही म्हणतात.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट आहे. पण पायथाच उंचावर असल्याने चढ फारसा दमवत नाही. सोनोरीच्या बाजूने गेल्यास शाळकरी मुलेही तासाभराच्या आत माथ्यावर पोहोचतात. त्रिकोणी आकाराची बाह्य तटबंदी, आत चौकोनी बालेकिल्ला आणि त्यात शेजारी शेजारी असलेली खंडोबा व महादेवाची मंदिरे असा गडाचा आटोपशीर विस्तार आहे. घाटवाटेवर नजर ठेवण्यासाठी ही जागा का निवडली, हे बुरुजावर उभे राहिल्याबरोबर कळते. दिवे घाटातून वर येणारा मनुष्य येथून दृष्टीआड राहू शकत नाही.

गडावरून दक्षिणेला दिसणारा मुलूखही इतिहासाने भरलेला आहे. १६६५ च्या तहाने प्रसिद्ध झालेला पुरंदर समोरच आहे. त्याच्या पायथ्याच्या भिवडी गावात आद्यक्रांतिवीर उमाजी नाईक यांचा जन्म झाला. कऱ्हेकाठी सासवडला संत सोपानदेवांची समाधी आहे. परतताना दिवे आणि सासवडच्या बाजारात हंगामानुसार सीताफळे वा अंजिरे मिळतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

भुलेश्वरचा माळ

दिवे घाटाच्या पूर्वेला रांगेची उंची हळूहळू कमी होत जाते. लोणी काळभोरजवळ डोंगराच्या कुशीत पाण्याने वेढलेले रामदरा हे मंदिर आहे. त्याच्याही पुढे, आंबळे गावाजवळ ढवळगड हा छोटा किल्ला आहे. तेथील ढवळेश्वराच्या मंदिराशी सुटीच्या दिवशीही फारशी गर्दी नसते.

रांगेचा शेवट यवतजवळ भुलेश्वरला होतो. येथील यादवकालीन शिवमंदिर काळ्या बसाल्ट दगडात कोरलेले असून ते सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याच्या तटबंदीत आहे. बाहेरून मंदिराच्या वैभवाची कल्पना येत नाही. अंधाऱ्या, चढ्या पायऱ्यांवरून आत गेल्यावरच शिल्पपट दिसू लागतात. त्यांतील स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती आवर्जून पाहण्यासारखी आहे. अनेक मूर्ती भग्न आहेत. तरीही वस्त्रे व अलंकारांच्या कोरीव कामातील बारकावे थक्क करतात.

मंदिर पाहून लगेच परत फिरणाऱ्यांचे मोठे नुकसान होते, कारण खरी पायपीट भोवतालच्या माळावर आहे. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्यात तो सातशेच्या आसपास असतो आणि पूर्वेकडे आणखी घटत जातो. या पर्जन्यछायेत घनदाट अरण्य वाढत नाही, गवत वाढते. या गवताळ टापूत लांडगा, खोकड आणि चिंकारा आढळतात. चंडोल आणि माळटिटव्या येथे जमिनीवरच घरटी करतात. हिवाळ्यात दूरदेशींहून आलेले भोवत्यासारखे शिकारी पक्षी गवतावरून संथपणे घिरट्या घालताना दिसतात. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे धनगर या भूभागाचे सर्वांत जुने जाणकार आहेत.

पडीक म्हणून दुर्लक्षित

दुर्दैवाने गवताळ माळ हा सरकारी कागदावर बहुधा पडीक जमीन ठरतो. झाडे नाहीत म्हणजे उपयोग नाही, ही समजूत सामान्य माणसाच्या मनातही पक्की आहे. त्यामुळे कधी या उतारांवर गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची लागवड होते, कधी मुरमासाठी टेकडी पोखरली जाते, तर कधी उन्हाळ्यात वणवा लावला जातो. रांगेच्या पायथ्याशी उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे पुणे शहराने वर्षानुवर्षे आपला कचरा टाकला, हेही याच दृष्टीचे फलित म्हणता येईल.

डोंगर पोखरण्याची किंमत या रांगेने दाखवून दिलेली आहे. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ शिंदेवाडी येथे अचानक आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या आणि तेथील बेकायदा डोंगरफोडीचा प्रश्न ऐरणीवर आला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच डोंगरांवर कोसळलेल्या पावसाने उत्तरेला आंबील ओढ्याला आणि दक्षिणेला कऱ्हेला पूर आणला. त्या रात्री पुणे शहर आणि परिसरात अनेकांचे बळी गेले. उतारावरचे गवत आणि माती पावसाचे पाणी धरून ठेवतात. ती गेली की पाणी थांबत नाही.

शहराचा रेटा आता आणखी वाढतो आहे. दिवे घाट ते मोहोळ या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. हडपसर ते दिवे घाट हा टप्पाही रुंदीकरणासाठी हाती घेण्यात आला. पुरंदर तालुक्यातील विमानतळाचा प्रस्ताव २०१६ पासून चर्चेत आहे. रस्ते लागतातच, परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे याची ज्यांना माहिती असते, तेच त्याच्या जपणुकीचा आग्रह धरू शकतात. म्हणूनच या वाटांवर अधिकाधिक लोकांनी चालणे महत्त्वाचे आहे.

केव्हा आणि कसे जावे?

जुलै ते सप्टेंबर या काळात डोंगर हिरवे असतात. फुलांसाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तर पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात मात्र पहाटे निघून दहाच्या आत खाली यावे, कारण धारेवर सावली जवळजवळ नाही.

हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या पीएमपी व एसटीच्या बसने वडकी, झेंडेवाडी आणि सासवड गाठता येते. उरुळी कांचन व यवत ही दौंड मार्गावरील रेल्वे स्थानके पूर्वेकडील वाटांसाठी सोयीची आहेत. घाटात काम चालू असल्यास वाहतूक काही तास बंद ठेवली जाते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी.

माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी आणि घसरणार नाहीत असे बूट सोबत असावेत. माथ्यावर पिण्याचे पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. पावसाळ्यात मुरमाड उतारावर पाय घसरतो आणि ओढे अल्पावधीत भरतात. बोपदेव घाटाच्या परिसरात लूटमारीचे प्रकार घडलेले असल्याने समूहानेच जावे आणि अंधार पडण्यापूर्वी उतरावे. गवतात विडी-सिगारेट ओढू नये. जमिनीवरची घरटी चटकन दिसत नाहीत, तेव्हा मळलेली पायवाट सोडू नये आणि माळावर मोटारी वा दुचाकी घालू नयेत. प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या घरी परत न्याव्यात.

एका दिवसात संपूर्ण रांग पालथी घालण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. पहिल्या रविवारी वडकी ते कानिफनाथ, पुढच्या खेपेस मल्हारगड आणि थंडी पडल्यावर भुलेश्वर, असा क्रम ठेवल्यास एका वर्षात या डोंगरांची चांगली ओळख होते. हडपसरच्या रहिवाशांना हे भाग्य घराच्या इतक्या जवळ लाभले आहे. गवत आणि पायवाटा शिल्लक आहेत तोवर त्याचा लाभ घ्यावा आणि त्या शिल्लक राहाव्यात म्हणून जागेही राहावे.