माळेगावचा बाजार आणि लावणी

माळेगावची जत्रा म्हटली की आज अनेकांना आधी आठवतो तो जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव. पण इथे नाचाला पाय रोवता आले ते जनावरांच्या बाजारामुळे, असे माझे मत आहे. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या गावी, लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते. खरिपाची रास घरात आलेली, रब्बीची पेरणी उरकलेली, हाती थोडा पैसा, असे हे दिवस. एका अंगाला कंधारची लाल कंधारी, दुसऱ्या अंगाला लातूरकडची देवणी, अशा नामांकित गुरांच्या मुलखात हा बाजार भरतो. घोडे, गाढवे, उंटही येतात. उपरण्याखाली बोटे दाबून होणारा सौदा एका बैठकीत जुळतोच असे नाही. मुक्काम पडतो, आणि मुक्कामी माणसाची रात्र मोकळी असते. दसऱ्यानंतर बाहेर पडणाऱ्या तमाशाच्या फडांना असाच प्रेक्षक हवा असतो.

आधी देव, मग बाजार, असे कोणी म्हणेल. तिथी देवाचीच आहे, हे खरे. पण खंडोबा हा घोड्यावर बसणारा, धनगरांचा देव. त्याच्या भक्तीतून जनावर वेगळे काढता येत नाही, तसा नाचही नाही. जागरणात वाघ्याच्या दिमडीवर मुरळी नाचते. मुरळी म्हणून मुली देवाला सोडण्याची क्रूर प्रथा कायद्याने बंद झाली, ते योग्यच झाले. नाचाच्या कौतुकात ते दुःख झाकू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्पेनमधल्या सेव्हिल शहराची एप्रिल जत्रा १८४७ साली जनावरांचा बाजार म्हणूनच सुरू झाली. पुढे तिथली खरेदी-विक्री संपली, तरी तंबूंतला नाच आणि रस्त्यांवरची गर्दी टिकली. मग माळेगावला बाजार कशाला हवा? फरक असा, की सेव्हिलमध्ये घरची माणसे आपापल्या तंबूत स्वतः नाचतात. माळेगावची लावणी हे कलावंतिणीचे पोट आहे, तिला तिकीट काढून बसणारा माणूस लागतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली आहे. उद्या बाजार मोडला, तर मुक्कामाला माणूस उरणार नाही आणि लावणीला अनुदानाच्या मंचापुरती एक-दोन संध्याकाळची जागा मिळेल. म्हणून गुरांच्या तळावरचे पाणी, सावली आणि पशुवैद्य यांवरचा खर्च लावणीच्याही खात्यावर मांडला पाहिजे.