मोठा कॅमेरा, छोटा कॅमेरा

माझी धाकटी बहीण दौंडला दिली आहे. मागच्या हिवाळ्यात शिरूरहून तिच्याकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाची जवळ येऊन बसली. म्हणाली, "मामू, तुम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता ना? मग एक सांगा. वापरलेला डीएसएलआर घेऊ, की खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा?"

इतिहासाचा आणि कॅमेऱ्याच्या खरेदीचा काय संबंध, ते मला आधी कळेना. म्हणालो, "मोबाईल आहे की तुझ्या हातात." तर म्हणाली, "मोबाईलमधले फोटो हजारांनी साठतात आणि एकही परत बघितला जात नाही. मला आमच्या मोहल्ल्यातल्या, रेल्वे कॉलनीतल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो काढून ठेवायचेत. नानीसारखं कुणाचं व्हायला नको."

नानी म्हणजे माझी आई. ते 'नानीसारखं' म्हणजे काय, हे पुढं सांगतो. पण मित्रहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मोठा कॅमेरा की छोटा, हा प्रश्न भाचीला नवा होता, पण तो कॅमेऱ्याच्या जन्मापासून चालत आला आहे, आणि आमच्या घरात तर त्यानं एक मोठं नुकसान करून ठेवलं आहे.

आमचं शिरूर म्हणजे जुनं घोडनदी. इंग्रजांची इथं छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री इथूनच फौज निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तिचं एकही छायाचित्र नाही, असणार कुठून? पॅरिसमध्ये डागेरच्या शोधाची जाहीर घोषणा झाली ती १८३९ साली. लढाईची आठवण दगडी स्तंभानं सांभाळली. त्याही आधी, १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर शिरूरला आहे. आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानून कबरीपुढं नैवेद्य ठेवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. त्याचा चेहरा इथल्या कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे फोटो नव्हते तेव्हाही माणसं आठवणीत राहत होती, पण त्यासाठी दगड लागे, आणि दगड काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मग कॅमेरा आला, आणि तो मोठाच आला. १८५१ साली ओल्या काचेची पद्धत निघाली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. त्यासाठी कॅमेरा, तिवई, काचा, बाटल्या, तंबू असं बिऱ्हाडच बरोबर न्यावं लागे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले जाणते छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. एवढ्या लवकर आपली माणसं या विद्येत उतरली, याचा अभिमान वाटतो. पण हा कॅमेरा गरिबाच्या अंगणात जाणारा नव्हता. माणसानं नटून त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं.

याला आमच्या मुलखातला एक अपवाद आहे. दौंडच्या अलीकडे केडगाव. पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती सदन उभारलं आणि १८९६-९७च्या दुष्काळात होरपळलेल्या मुलींना आसरा दिला. त्या मुलींची छायाचित्रं मिशनच्या इंग्रजी पुस्तकांतून परदेशी गेली. ती पाहून लोकांचं मन द्रवावं, मदत यावी, हा हेतू. हेतू चांगलाच होता. तरी ते फोटो पाहताना मला वाटतं, या पोरींना कुणी विचारलं असेल का, की बाई, तुझा फोटो कसा काढू?

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या दशकात, शिरूरच्या पेठेत एक स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि राजहंस. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घाली आणि आतून ओरडे, "हलू नका!" पुढं तो निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं 'टचिंग' करी. सुरकुत्या जात, देवीचे व्रण जात. घरी येणारा फोटो देखणा असे, पण त्यातला माणूस ओळखीचा वाटत नसे.

छोट्या कॅमेऱ्याची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली. जॉर्ज ईस्टमननं १८८८ साली कोडॅक नावाची पेटी विकायला काढली. आत शंभर फोटोंचा रोल. तो संपला की कॅमेराच कंपनीकडं पाठवायचा. कंपनी फोटो छापून, नवा रोल भरून परत धाडी. किंमत २५ डॉलर. १९०० साली त्याच कंपनीनं ब्राउनी काढला, अवघ्या १ डॉलरचा. जाणकारांनी नाकं मुरडली, पण फोटो काढणं ही पोराबाळांच्या हातातली गोष्ट झाली. आपल्याकडं ती जागा आग्फाच्या क्लिक थ्रीनं घेतली. काळी डबी, एक खटका, एका रोलवर बारा फोटो. माझ्या चाचांकडं तो होता. ईदला दोन, उरुसाला तीन, कुणाच्या लग्नात चार, असा एक रोल सहा-सहा महिने पुरवला जाई. मग तो धुवायला पुण्याला जायचा. बारातले चार-पाच फोटो तिरके, एखाद्यात डोकंच नाही. पण त्या फोटोंत आमची माणसं हसताना दिसतात. राजहंसाच्या पडद्यापुढं कुणी हसलेलं मला आठवत नाही.

मोठा कॅमेरा चांगला की छोटा, याचं एक उत्तर वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये मिळतं. गांधीजींचे नात्यातले नातू कनू गांधी यांना बापूंचे फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आला. बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोज द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम याचा खर्च करणार नाही. रोलिफ्लेक्स छातीशी धरून वरून खाली पाहायचा कॅमेरा. फोटो काढणाऱ्याचा चेहरा त्यात झाकला जात नाही. १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत कनूभाईंनी जे टिपलं, ते एरवी कुणाला साधलं नसतं, कारण तो कॅमेरा घरातल्या माणसाच्या हातात होता. मुंबईत शिकलेल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार महिला. त्यांनी अवजड स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स असे दोन्ही वापरले. काम पाहून अवजार निवडायचं, एवढंच ते.

आता डिजिटलकडं येऊ. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. २००३ साली कॅननचा ३००डी आला आणि हजार डॉलरच्या आत डीएसएलआर मिळू लागला. चार वर्षांनी ती लाट आमच्या घरी पोचली. पुतण्याला डीएसएलआर हवा होता, तीस हजारांच्या आसपास. मी म्हणालो, साडेआठ हजारांत छोटा येतो, मग एवढे कशाला घालायचे? मोठ्या आवाजात वाद झाला. शेवटी छोटा आला.

पुतण्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पावसात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? कॅमेऱ्याच्या सेन्सरचं तसंच. साध्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३ बाय १५ मिलिमीटर; छोट्या कॅमेऱ्याचा ६ बाय साडेचारच्या आसपास. क्षेत्रफळात बारा-तेरा पटींचा फरक. संध्याकाळच्या उजेडात वाटी कोरडी राहते आणि फोटोवर रांगोळीसारखे ठिपके येतात. शिवाय डीएसएलआरमध्ये आरसा असतो. लेन्समधून येणारं दृश्यच डोळ्याला दिसतं, खटका दाबला की आरसा उचलला जातो आणि त्याच क्षणी चित्र टिपलं जातं. छोट्याचं बटण दाबलं की तो जरा विचार करतो.

हे आम्हाला भिगवणला कळलं. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. आम्ही नावेतून गेलो. मी बटण दाबी आणि पक्षी उडाल्यावर कॅमेरा फोटो काढी. घरी येऊन पाहिलं तर पाण्यावर तांदळाचे दाणे सांडल्यासारखं दिसत होतं. पुतण्या काही बोलला नाही. ते न बोलणंच मला लागलं.

पण त्याच दिवशी परतताना आम्ही बहिणीकडं दौंडला थांबलो. अम्मी तेव्हा तिथंच होती. ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. आमच्या घरात फोटोबद्दल जुना संकोच. सजीवाचं चित्र काढावं की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि अम्मी जुन्या वळणाची. लग्नात डीएसएलआर घेऊन कुणी समोर आला की ती पदर ओढून तोंड फिरवी. मी हातातला छोटा कॅमेरा दाखवून विचारलं, "अम्मी, काढू का?" छोटा कॅमेरा हातभर लांब धरतात, त्यामुळं काढणाऱ्याचा चेहरा उघडा राहतो. तिनं कॅमेऱ्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं आणि हसली. म्हणाली, "काढ. पण भिंतीवर लावू नको."

मी भिंतीवर लावला नाही. छापलाही नाही. तो संगणकात राहिला. २०१० साली अम्मी गेली. पुढच्या वर्षी संगणकाची हार्ड डिस्क बिघडली. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवसांनी मान हलवली. कॅमेऱ्यातलं कार्ड आम्ही केव्हाच पुसून पुन्हा वापरलं होतं. अम्मी भिंतीला नाही म्हणाली होती, पेटीला नव्हे. भिंत आणि पेटी यांतला फरक मला कळला नाही.

आता तिचा एकच फोटो उरला आहे. १९९४ साली हजच्या अर्जासाठी स्टुडिओत काढलेला, पासपोर्ट साईजचा. गरज म्हणून तेवढा तिनं काढू दिला. दिव्यांच्या उजेडात ती घाबरलेली दिसते. हनुवटीवर कचेरीच्या शिक्क्याची जांभळी कड आली आहे. भाचीसाठी तो मोठा करून द्यावा, म्हणून शिरूरच्या एका फोटोग्राफर मित्राकडं गेलो. त्यानं डीएसएलआर तिवईवर लावून त्या इवल्या फोटोचा फोटो काढला. पदराचा धागा न् धागा आला, शिक्क्याची शाईही आली. हसू मात्र मुळातच नव्हतं, ते कुठून येणार?

भाचीला 'नानीसारखं' म्हणायचं होतं ते हे.

म्हणून मी तिला उत्तर दिलं. प्रथम बाजाराची गोष्ट सांगितली. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडं रवाना झाले. २०२० साली एक कोटीसुद्धा नाहीत. बहुतेक छोटे कॅमेरे मोबाईलनं खाल्ले. मोठ्या कंपन्यांनी नवे डीएसएलआर काढणंही जवळपास थांबवलं, कारण आता बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यांचे दिवस आहेत. म्हणजे तू दोन्हींतलं काहीही घेतलंस तरी मागं पडलेली वस्तू घेणार आहेस. त्यात वाईट काही नाही. फक्त बॅटरी मिळते का पाहा, आणि जुन्या छोट्या कॅमेऱ्यात आजची मोठी कार्डं चालतातच असं नाही, तेही विचारून घे.

पक्ष्यांचे फोटो काढायचे असते, तर मी तिला डोळे झाकून डीएसएलआर घे म्हणालो असतो. भिगवणला मी त्याची किंमत मोजली आहे. पण तिला ओसरीवरच्या बायका हव्या आहेत. त्यांना कॅमेऱ्यामागचा चेहरा दिसला पाहिजे. "छोटा घे," मी म्हणालो. "मोठा लागेल त्या दिवशी मित्राकडून मागून आणू."

"आणि उरलेले पैसे?"

"छापायला. दर महिन्याला दहा-बारा फोटो कागदावर छापून घे. मागं मऊ पेन्सिलनं नाव, गाव, साल लिही. एक प्रत त्या बाईच्या हातात दे आणि ती कुठं ठेवायची ते तिलाच ठरवू दे."

भाचीनं महिनाभरानं पहिलं पाकीट पाठवलं. अकरा फोटो आहेत. दोन हललेले, एकात कपाळ कापलंय. एका फोटोत रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डची बायको चुलीपुढं बसून कुणाला तरी रागावते आहे. मागं तिचं नाव आहे, दौंड आहे, साल आहे. नावाखाली भाचीनं लिहिलंय, 'भिंतीवर लावलेलं चालेल, म्हणाल्या.'