ग्रास कटर गवतात घातला की बंद पडतोय? कार्बोरेटर बदलण्याआधी एवढं बघा

पाऊस ओसरला की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते. गवत वेळेत कापलं नाही तर पुढे वणव्याची धास्ती. मजूर मिळत नाहीत म्हणून अनेकांनी ग्रास कटर घेतलेत, आणि नेमकी याच दिवसांत तक्रार येते: मशीन सुरू होतं, हळू चालतं, पण गवतात घातलं की बसतं. दुकानात नेलं की 'कार्बोरेटर गेला' हे उत्तर ठरलेलं. कधी ते खरंही असतं. पण आधी मशीन नेमकं कसं बंद पडतं ते बघा.

रेस दिल्या दिल्या बंद पडत असेल तर हवा किंवा पेट्रोल अडतंय. मशीन हळू चालताना दोन्ही थोडंच लागतं, म्हणून दोष दिसत नाही. चोक अर्धवट राहिलाय का ते पहिलं बघा. मग एअर फिल्टर. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकवून बसवा; कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. फिल्टर काढून गवत कापायचं तर अजिबात नाही, धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते. टाकीच्या आतही पेट्रोलच्या नळीला छोटा फिल्टर असतो. वाकवलेल्या तारेने तो बाहेर ओढून बघा, बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. नळीला चीर असेल तर ती हवा ओढते. प्लग काढला की अंदाज येतो: काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय, पांढरट कोरडा असेल तर पेट्रोल कमी पोचतंय.

दहा-पंधरा मिनिटं चांगलं चालून बसत असेल तर गोष्ट वेगळी. मशीन बंद करून, जरा थंड झाल्यावर टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि मशीन परत चालू झालं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. काम फुकटात झालं. तसं नसेल तर इंजिनावरचं कव्हर काढून पंख्यांमधला गवताचा भुसा साफ करा, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरलीय का तेही बघा. गरम असताना प्लगला ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर येते, तर कॉइलचा संशय घ्यायचा. ते मेकॅनिकचं काम.

खरा खर्च होतो तो ऑइलमुळे. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावंच लागतं. पुस्तिकेत 25:1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. अंदाजाने ओतू नका. काही जण कार्बोरेटरचा स्क्रू आवळतात, आवाज मोकळा झाला म्हणून खूश होतात. पण पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन चिकटतो. मग बिल हजारांत जातं. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, ते पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते दमट हवेत पाणी ओढतं. गेल्या हंगामातलं पेट्रोल टाकीत असेल तर आधी ते काढून टाका.

आणि कधी कधी इंजिनात दोष नसतोच. पात्याखाली ओलं गवत गुंडाळलं जातं. मशीन बंद करून, प्लगची टोपी काढून, जाड हातमोजा घालून पातं फिरवा; ते मोकळं फिरायला हवं. जड जात असेल तर गवत काढा, गिअरबॉक्सला ग्रीस आहे का बघा. नायलॉन दोरी वापरणाऱ्यांनी गार्ड काढू नये. दोरी जादा लांब झाली की कापणारी छोटी सुरी त्यातच असते. ती नसली की लांब दोरीच्या भाराने मशीन दमतं. गुडघ्यापर्यंतच्या गवताला तर दोरीपेक्षा पातंच बरं, आणि तेही वरून खाली दोन टप्प्यांत.

एवढं करूनही बसतच असेल तर स्टार्टरची दोरी हळू ओढा. अडकल्यासारखा जोर लागत नसेल तर कॉम्प्रेशन गेलंय, मेकॅनिककडे न्यावंच लागेल. देताना नुसतं 'बंद पडतं' सांगू नका. रेसला पडतं, की गरम झाल्यावर, की गवतातच, आणि तुम्ही काय काय साफ केलंय, ते सांगा.