सीताफळाचा पाला

श्रावण-भादव्यात मेंढक्याला लांडग्याहून माशीची धास्ती जास्त. लांडगा एखादं कोकरू उचलून नेतो, ते दिसतं तरी. माशी कुठल्या मेंढीवर बसली ते कळत नाही. कातरताना बसलेला चिरा, बाभळीचा काटा, शेणामुतानं ओली राहिलेली लोकर, एवढं तिला पुरतं. तिथं ती अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात आणि जित्या मांसात शिरतात. मेंढी मागं रेंगाळते, पाय आपटते, मान वळवून तीच जागा चावते. आम्ही म्हणायचो, किडे पडले.

दुसरी माशी नाकाची. ती उडता उडता नाकपुडीत बारीक अळ्याच सोडते. मग भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी राहायची. लोक म्हणायचे, सावली धरली. आजा म्हणायचा, "सावली न्हाई, नाक लपवायलेत." पुढं कधीतरी शिंकेसरशी बोटाच्या पेराएवढी अळी खाली पडायची.

तेव्हा जनावरांचा डॉक्टर लांब आणि बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ पायापायाला. आजा पाला दगडावर वाटायचा, रस जखमेत पिळायचा, वर चोथा दाबून चिंधी बांधायचा. अळ्या बाहेर पडायच्या. बियांची पूड त्याहून जालीम. डोळ्यात गेली तर डोळा जाईल म्हणून आम्हा पोरांना तिला हात लावू देत नसे.

१९७२च्या दुष्काळानंतर आमची अकरा मेंढरं उरली. पुढच्या पावसाळ्यात रोज शेपट्या उचलून बघायचं काम माझ्याकडं होतं. दोन दिवस मी न बघताच "बघितलं" म्हणालो. तिसऱ्या दिवशी वास आला. गाभण मेंढी होती. पाला लावला, पण उशीर झाला होता. आज्यानं मारलं नाही. एवढंच म्हणला, "मेंढी बोलत न्हाई. बघणाऱ्यानंच बघावं लागतंय."

१९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन हे औषध जनावरांसाठी बाजारात आलं. ते जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालं. त्यावरच्या कामासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५चं नोबेल मिळालं. नाकातल्या अळ्यांवर ते गुणकारी. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाच्या गोडीसाठी. पाल्याची आठवण आता म्हाताऱ्यांपाशीच उरली.

पुतण्या आता इंजेक्शन देतो. तरी पावसाळ्यात, सांजेला मेंढरं वाड्यात कोंडण्याआधी, तो एकेक शेपटी उचलून बघतो. मी दारात बसून मोजत असतो.